सातवी घडी

दुपारची जेवणं उरकलेली असतात. भांडी पालथी घालून सून वैशाली आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली असते, आणि मालनबाई मधल्या खोलीत फरशीवर चटई टाकून आडवी होते. उशाशी निळ्या पुठ्ठ्याचं जुनं पुस्तक. पंख्याचं एक पातं किंचित वाकडं आहे, त्यामुळं दर फेरीला टक् असा आवाज येतो, आणि त्या टक् टक् वर डोळा लागायची तिला सवय झालीय. वर्तमानपत्र पोटावर पालथं पडलेलं. सकाळी तिनं त्यातली एकच बातमी वाचली, शब्दाखाली बोट सरकवत, दोनदा. दिवंगत लेखक माधवराव बावडेकर यांचं नाव वाचनालयाच्या सभागृहाला देणार.

देऊ देत, ती मनाशी म्हणते. नावाला काय तोटा आहे.

मशीनची खडखड थांबते, पुन्हा सुरू होते. पंख्याची टक् जरा लांब जाते. मग फारच लांब जाते. मग ती टक् राहतच नाही. बांबूची पट्टी कागदाच्या घडीवरून दाबत ओढल्याचा आवाज होतो, स्स, स्स, आणि चटईची खुर्ची झालेली असते.

सभागृह गच्च भरलं आहे. मालनबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसली आहे, पाच वर्षांपूर्वी बसली होती त्याच खुर्चीत, त्याच इरकली लुगड्यात. इतकी माणसं आणि कुणी खोकत नाही. शेजारच्या बाईकडं ती वळून बघते तर बाईचा चेहरा नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा गुळगुळीत आहे. व्यासपीठावर बावडेकर बसलेत. भांग तसाच, चष्मा तसाच. ते पाणी पितात, पेला खाली ठेवतात, आणि पेला भरलेलाच असतो.

मालनबाई आधी त्यांचे पाय बघते. मेलेल्याचे पाय उलटे असतात असं तिची आजी सांगायची. पाय सुलटे आहेत. फक्त त्यांत बूट नाहीत. या माणसाला तिनं पहिल्यांदा ओळखलं ते बुटांवरूनच, आणि आज तो अनवाणी आहे. तळवे शाईत भिजल्यासारखे काळेनिळे.

त्या बुटांची हकीकत अशी. एकेचाळीस वर्षांमागं मालन अठ्ठावीस वर्षांची होती आणि मंगळवार पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात घडीकाम करत होती. पुढं छापखाना, मागं बाइंडिंग, मधे लाकडी फळ्यांची आडभिंत. छापलेला मोठा कागद यायचा. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा. असे फर्मे ओळीनं जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा. सहा बायका टेबलाभोवती बसून, बांबूच्या पट्टीनं दाबत, दिवसाला हजारो घड्या घालत. कुणालाच वाचता येत नव्हतं. पान सरळ आहे का उलटं, हे त्या अक्षरांखालच्या काळ्या खुणेवरून ओळखत. हात चालत राहायचे आणि तोंड रिकामं असायचं, म्हणून मालन गोष्ट सांगायची. एका बैठकीत एक तुकडा.

खऱ्या ऐकणाऱ्या या बायका नव्हत्याच. टेबलाखाली, कागदाच्या कातरणांत बसलेली सहा वर्षांची रंजी, मालनची मुलगी. गोष्ट तिच्यासाठी असायची, बायकांना वरच्यावर ऐकायला मिळायची.

त्या उन्हाळ्यात फळीपलीकडं एक लेखकसाहेब यायला लागले. त्यांचं कुठलं तरी पुस्तक छापायला लागलं होतं आणि ते दोन महिने रोज येऊन प्रुफं तपासत. आडभिंत जमिनीपासून वीतभर वर होती. त्या फटीतून त्यांचे तपकिरी बूट आणि पांढरे मोजे दिसत. मालन गोष्ट सांगायला लागली की ते बूट हलायचे थांबत. बायकांनी ते हेरलं होतं. हिराबाई एकदा हळूच म्हणाली, "बूट ऐकाय लागलं बघ तुझी गोष्ट." सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. मालनही हसली. तेव्हा तिला ते बरंच वाटलं होतं.

"आपण म्हणता तसं नाही," व्यासपीठावरून बावडेकर बोलत असतात. आवाज जुनाच आहे, गोड, सावकाश, समोरच्याला आपल्या घरात बोलावणारा. "लेखक काही घडवत नाही. लेखक फक्त दार उघडं ठेवतो."

टाळ्या पडतात. टाळ्यांचा आवाज कागदांचा आहे.

मग ती कॉलेजची मुलगी उभी राहते, पाच वर्षांपूर्वी राहिली होती तशीच, आणि तेच विचारते. सर, 'सातव्या घडीतलं गाव' तुम्हाला कसं सुचलं? मालनबाईला उत्तर पाठ आहे. खुर्चीच्या हातावर तिची बोटं आवळतात.

"एका पहाटे स्वप्नात दिसलं," बावडेकर म्हणतात. "मी उठून फक्त लिहून घेतलं."

पुन्हा टाळ्या. त्यांत पहिल्या रांगेत एक हात वर होतो. लहान हात, मनगटाला काळा दोरा. वर होतो आणि वरच राहतो. त्या हाताकडं कुणी बघत नाही. मालनबाई उठते, रांगेतून पुढं सरकायला बघते, पण खुर्च्या खुर्च्या नाहीत, छापील कागदांचे ठोकळे आहेत छातीएवढे, आणि एक ओलांडला की दुसरा पुढं येतो.

गोष्ट होती ठकीची. ठकीची आई घडीकाम करते. रिकाम्या वेळात बायका पैज लावत, वाया गेलेल्या कागदाला किती घड्या पडतात. सहा पडत. सातवी कुणाच्यानं पडत नसे; कितीही दाबा, कागद लाकडासारखा होतो आणि हातातून उसळतो. ही गोष्ट घडी घालणाऱ्यालाच माहीत. त्यातूनच मालननं बाकीचं काढलं. पहिल्या घडीत अंगण मावतं, दुसरीत गल्ली, तिसरीत पंचगंगा दोन्ही काठांसकट, सहावीत सगळं कोल्हापूर तळ्यादेवळासह. सातवी पडत नाही, कारण तिच्यात हरवलेल्यांचं गाव आहे आणि त्या गावाला दाबलेलं सोसत नाही. पण ठकीची बोटं बारीक असतात. तिच्याच्यानं सातवी घडी पडते, आणि ती एक पाय आत टाकते.

इथवर गोष्ट आली तेव्हा जून लागला होता. साहेबांची प्रुफं संपली, बूट यायचे बंद झाले. त्याच आठवड्यात रंजीला ताप भरला.

ठोकळे संपतात आणि रांग लागलेली असते. सह्यांची रांग. टेबल सभागृहाच्या टोकाला आहे, पण ते बाइंडिंगचंच टेबल आहे. कडेला खळीचा डबा, त्यात बुडवलेला झाडणीसारखा कुंचला. मालनबाईच्या हातात निळं पुस्तक आहे. तिच्यापुढं कुणीच नाही आणि तरी रांग हळूहळू सरकते.

हे पुस्तक तिनंच बांधलं होतं. रंजी जाऊन दोन वर्षं झाल्यावर ते कारखान्यात घडीला आलं. त्याच्या कितीतरी प्रती सहा जणींनी मिळून बांधल्या, आणि मालन फर्म्यामागून फर्मे मोडत, म्हणजे घड्या घालत, गेली. ठकी तिच्या नखांखालून गेली, पंचगंगा गेली, सातवी घडी गेली. तिला पत्ता नव्हता. त्या दिवसांत ती गोष्टी सांगत नसे, त्यामुळं टेबलावर गप्पाही नव्हत्या. पुठ्ठ्याचा निळा रंग तेवढा आवडला म्हणून एक वाया गेलेली प्रत मालकांना विचारून तिनं घरी आणली, आणि ती ट्रंकेत पडून राहिली.

एकसष्टाव्या वर्षी ती वाचायला शिकली. वॉर्डातल्या शाळेत संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा. पाटीवर अक्षरं गिरवताना बोटं ताठ व्हायची, कारण त्या बोटांना कागद दाबायची सवय, कागदावर रेंगाळायची नाही. दीड वर्षानं ट्रंकेतलं पुस्तक तिनं बाहेर काढलं. वाचायला चार महिने लागले. चाळिसाव्या पानावर ती थांबली. ठकीचं नाव चारुकेशी केलं होतं. आई घडीकाम करणारी नव्हती, राजवाड्यातली चित्रकार होती. पण पहिल्या घडीत अंगण मावत होतं आणि दुसरीत गल्ली.

तिनं सगळं वाचलं. शेवटी चारुकेशी सातव्या घडीतून परत येते, कागदाच्या रथात बसून. नगर तोरणं लावतं. आई तिला ओवाळते. मालनबाईनं पुस्तक मिटलं आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आवडलं होतं, हेच तिचं मोठं दुखणं होतं. तिच्या तोंडात जे ओबडधोबड होतं, ते त्या माणसाच्या हातात झऱ्यासारखं वाहत होतं. आणि शेवटचा रथ मात्र दर वेळी तिच्या छातीवरून जात होता.

एकदाच तिनं वैशालीला सांगितलं. वैशाली हसली नाही, चेष्टाही केली नाही. म्हणाली, "आत्या, असल्या गोष्टी सगळीकडं असत्यात. त्या कुणाच्या नावावर असत्यात व्हय?" आणि बटण लावायला सुईत दोरा ओवत राहिली. पण पुढं बावडेकरांचं व्याख्यान आहे असं वाचल्यावर तिनं इरकली लुगडं काढलं.

"नाव?"

बावडेकर मान वर न करता विचारतात. हातात जाड निबाचं पेन.

त्या दिवशीही त्यांनी असंच विचारलं होतं. मालनबाई हेच निळं पुस्तक घेऊन, घरून सगळं घोकून गेली होती. साहेब, तुमचे बूट मला ठाऊक आहेत. साहेब, ठकीची आई मी. ती तोंड उघडणार तोच त्यांनी मान वर केली, तिच्या हातांकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं, आणि प्रेमानं विचारलं, "नातवासाठी का, आजी?" त्या प्रेमानंच घात केला. तिच्या तोंडून "व्हय" गेलं. काय नाव नातवाचं? ऋतुराज. पुस्तक पुढं, रांग पुढं. घरी येऊन तिनं वाचलं: 'चि. ऋतुराजला, खूप वाच, खूप स्वप्नं पाहा.' ऋतुराजनं ते पुस्तक एकदाही उघडलं नाही. दोन वर्षांनी बावडेकर गेले, आणि मालनबाईचं घोकलेलं सगळं आत तसंच राहिलं, बाहेर यायला जागा नसलेलं.

"मालन," ती आता म्हणते. "नातवासाठी न्हाई. माझं नाव मालन."

बावडेकर मान डोलावतात. पेन टेकवतात. निब कागदावरून चालते आणि मालनबाई अक्षरं उलट्या बाजूनं वाचते. चि. ऋतुराजला.

"मालन म्हणाले मी."

"ऐकलं," ते म्हणतात. "हात जुन्याच वळणानं जातो. मी काय करू?"

ते पान उलटतात, दुसऱ्या पानावर लिहितात. चि. ऋतुराजला. तिसऱ्यावर लिहितात. टेबल आता लोखंडी खाटेच्या कडेला आहे. भिंत खालून निम्मी पिवळी, वरून पांढरी. फिनेलचा वास. खाटेवर कुणी नाही, पण चादरीला खळगा आहे, एखादं मांजर बसून उठावं तेवढा.

"इथं का आणलंसा मला?" मालनबाई विचारते.

"मी नाही आणलं. मी तर सही करतोय."

सरकारी दवाखान्यात रंजी चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला तेव्हा तिनं डोळे उघडून विचारलं होतं, ठकीनं पाय आत टाकला, मग पुढं? मालनला पुढचं ठाऊक नव्हतं. गोष्ट रोज हातांतून निघायची, आणि त्या चार दिवसांत हात रिकामे होते. ती म्हणाली, बरी झालीस की सांगते.

पुढचं तिला सुचलं पाच महिन्यांनी, फर्मा मोडताना. ते तिनं बायकांना एकदाच सांगितलं. हिराबाईनं पट्टी खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. त्यानंतर मालननं गोष्ट सांगितली नाही, ना घरी, ना दारी, ना पोटच्या मुलाला.

"तुम्ही ती घेतली," मालनबाई म्हणते. इतक्या वर्षांनी ते वाक्य तोंडातून निघतं तर किती लहान आहे. "माझी हुती."

बावडेकर चष्मा काढून पुसतात. पुसलेला चष्मा पुन्हा धुरकटतो. "मला वाटलं ती सगळ्यांचीच आहे. बायका काम करताना सांगतात, तसली. लोककथा म्हणतात तिला."

"लोक म्हंजे कोण, साहेब? फळीपल्याड मीच बसलेली."

"तुमचं नाव मला माहीत नव्हतं."

"इचारलं न्हाईसा."

कुठंतरी नळ ठिबकतो. मग ते खुर्ची पुढं ओढतात आणि आवाज खाली आणतात, आणि मालनबाईला कळतं की हा माणूस इथं सही द्यायला बसलेला नाही. त्यालाच काहीतरी हवं आहे.

ते सांगतात, तिकडं त्यांना रोज बोलायला बसवतात. सभागृह मोठं आहे, माणसं उठून जात नाहीत, त्यांना कुठं जायचंच नसतं. ऐकायला त्यांना हीच गोष्ट हवी असते, दुसऱ्या बावीस पुस्तकांचं कुणी नाव काढत नाही. ते सांगतात, रथापर्यंत येतात, आणि रोज पहिल्या रांगेतून एक मुलगी हात वर करते.

"काय म्हणती?"

"म्हणते, हे खोटं आहे. म्हणते, आई पुढचं असं सांगणार नव्हती."

मालनबाई खाटेचा गज धरते. गज गार आहे. "कशी दिसती?"

"लहान आहे. दोन वेण्या. एकीला हिरवी रिबन आहे, दुसरीला..." ते आठवतात. "दुसरीला पांढरी पट्टी बांधलीय. जखमेला बांधतात तसली."

दुसरी रिबन दवाखान्यात हरवली होती. रंजी तिच्यासाठी रडायला लागली तेव्हा सिस्टरनं बँडेजची पट्टी फाडून फूल बांधून दिलं होतं. हे मालनबाईनं जगात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

"तिचं सगळे ऐकायला लागलेत," बावडेकर म्हणतात. "मी रथ आणला की माना फिरवतात. काल एक म्हातारा म्हणाला, पोरगी म्हणते ते सांगा. मला ते येत नाही. मी जून लागल्यावर छापखान्यातून गेलो ना." ते पेनाचं टोपण काढतात, कोरा कागद ओढतात. त्यांचा चेहरा आता खरोखरीच थकलेला आहे. "शेवट सांगा, मालनबाई. ठकी आत गेली. मग पुढं?"

ठकी म्हणाले ते. चारुकेशी नाही. मालनबाईला ते लागतं, आणि लागल्याचा रागही येतो.

"मग माझं काय?" ती म्हणते.

"मी सगळ्यांसमोर सांगीन, ही गोष्ट तुमची. पहिल्या शब्दालाच सांगीन."

"आदी सांगा. मग देते."

ते उठतात. पिवळी भिंत सरकते आणि सभागृह तिथंच असतं, गच्च, गुळगुळीत चेहऱ्यांचं. बावडेकर माईकपाशी जातात. पहिल्या रांगेत तो हात अजून वर आहे. मालनबाईला इथूनही हात तेवढाच दिसतो, खांद्यापासून खाली माणसांच्या पाठी. बावडेकर घसा साफ करतात.

"ही गोष्ट," ते म्हणतात, "ही गोष्ट मला एका पहाटे स्वप्नात दिसली."

टाळ्या. ते तिच्याकडं बघतात, हात हलवतात, थांबा, थांबा, असं. पुन्हा सुरू करतात. "मित्रहो, ही गोष्ट मुळात एका पहाटे..." टाळ्या. तिसऱ्यांदा ते नुसतेच तोंड उघडून उभे राहतात. ओठ मालन या शब्दासारखे होतात, आवाज त्यातून वेगळाच येतो. तोंडाला त्या वाक्याचा घट्टा पडला आहे, बोटाला पट्टीचा पडतो तसा. ते पेला उचलतात. पेला भरलेला आहे.

मालनबाईला त्यांची कीव येत नाही. यायला हवी होती, असं तिला वाटतं. ती वाट बघते, तरी येत नाही.

ते परत येऊन टेबलाशी बसतात. "जमत नाही," म्हणतात. "पण तुम्ही शेवट तरी द्या. माझ्यासाठी नको. तिच्यासाठी द्या. ती एकेचाळीस वर्षं थांबली आहे."

शेवट तिच्या जिभेवर आहे. तीन वाक्यांचा आहे. आत्ता सांगितला तर आत्ता पोचेल, तो हात खाली येईल, पोर एकदाची टेकून बसेल. त्यासाठी नाव गेलं तर गेलं. नाव घेऊन ती काय करणार आहे या वयात? ती तोंड उघडते. आणि तिला पेनाची निब दिसते, कागदावर टेकायच्या बेतात, अधीर, आणि तिला पक्कं ठाऊक आहे की हा माणूस पहिल्याच वाक्यात तोरण बांधेल. आईला राजवाड्यात नेईल. त्याला वाईट करायचं नसेल, तरी त्याचा हात जुन्याच वळणानं जाईल. आणि रंजीला कळेल. पहिल्या शब्दाला कळेल की ही आई नव्हे.

"न्हाई," मालनबाई म्हणते.

"मालनबाई..."

"तिला सांगा, आईनं सांगितलंय, पुढचं मी येऊन सांगते. दुसऱ्या कुणाचं ऐकू नको म्हणावं."

"आणि तोवर?"

"तोवर हात वर करू दे तिला."

बावडेकर पेन खाली ठेवतात. मग म्हणतात, "मला रोज ऐकावं लागेल ते. रोज, सगळ्यांदेखत."

"ऐका," मालनबाई म्हणते. "मीबी ऐकलंच की."

ती पुस्तक ओढून घेते. पहिलं पान शिवणीपाशी धरते आणि फाडते, सरळ, एका ओढीत, जसं चुकलेलं पान काढायची तिची रीत होती. चि. ऋतुराजला, खूप वाच, खूप स्वप्नं पाहा. ती पानाला घडी घालते आणि अंगठ्याच्या नखानं दाबते. दुसरी. तिसरी. बावडेकर तिच्या हातांकडं बघत राहतात. इतकी वर्षं फळीपलीकडून त्यांनी नुसता आवाज ऐकला, हात कधी बघितलेच नव्हते. चौथी. पाचवी. सहावीला कागद लाकूड होतो. तो बोटांतून उसळायला बघतो आणि ती दोन्ही अंगठे त्याच्यावर ठेवते आणि अंगातली सगळी ताकद खाली सोडते, दाबते, दाबते.

टक्.

पंखा फिरतो आहे. मशीनची खडखड थांबते आणि वैशालीचा आवाज येतो, "आत्या, उठला काय? चहा टाकू? झोपंत काय बोलत हुतासा कुणासंगं?"

उन्हाचा पट्टा चटईवरून भिंतीवर गेला आहे. मालनबाई उठून बसते. वर्तमानपत्र घसरून पडतं. निळं पुस्तक उशाशी उघडं पडलं आहे आणि त्याचं पहिलं पान नाही. शिवणीपाशी सरळ, स्वच्छ फाटल्याची कड आहे. उजव्या हाताची मूठ आवळलेली आहे आणि ती उघडायला डावा हात लागतो. बोटं दुखतात. तळहातावर कागदाचा एक ठोकळा आहे, चिंचोक्याएवढा, टणक.

किती घड्या पडल्या आहेत हे मालनबाईला उघडून बघावं लागत नाही. चाळीस वर्षांच्या अंगठ्याला नुसत्या जाडीवरून कळतं. तरी ती नखानं कडेकडेनं मोजते. पाच. सहा. मग थांबते, पुन्हा पहिल्यापासून मोजते. सहा. सात.

ठकीची आई शेवटी काय करते, हे आता त्या सहा जणींपैकी एकटीलाच माहीत आहे. सकाळी उठते तर उशाशी घडी असते, पोर नसते. आई घडी उघडत नाही, कारण सातवी उघडली की आतलं गाव उधळतं. ती घडी कानाशी धरते आणि बसून राहते.

"आत्या?" वैशाली दारात येते, हातात पातेलं. "कान ठणकतोय काय?"

"न्हाई," मालनबाई म्हणते. "टाक तू चहा."

आणि मूठ कानापासून काढत नाही.